चांदीच्या नाण्यांवरचे डाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस ओळखीपाळखीची माणसं रुमालात बांधलेली चांदीची नाणी घेऊन घरी येतात. गाठ सुटायच्या आतच पहिला प्रश्न येतो, "हे कशानं घासू?" मी आधी एवढंच विचारतो, अजून घासलं नाही ना? नसेल तर बरंच काही हातात आहे. डाग कसला ते बघू, मग हात लावायचा की नाही ते ठरवू. खालचे प्रश्न याच बैठकांतले आहेत.

९९९ शुद्धतेचं (हजारात ९९९ भाग चांदी) म्हणून नाणं घेतलं होतं, तरी काळं पडलं. चांदी खोटी निघाली का?

काळं पडलं एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. शुद्ध चांदीही काळी पडते. उलट वर्षानुवर्षं उघड्यावर राहून जे नाणं लखलखीत पांढरं राहतं, त्याच्यावर ऱ्होडियमसारख्या न काळवंडणाऱ्या धातूचा मुलामा तर नाही ना, हे मी आधी बघतो.

शंका असेल तर घरच्या घरी वजन करून बघा. अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असं धरून ठेवा. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. चांदीची घनता १०.४९ आहे, म्हणजे ती तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १०.४९ पट जड, त्यामुळे १०० ग्रॅमच्या नाण्याला साधारण साडेनऊ ग्रॅम आकडा यायला हवा. तांब्याच्या नाण्यावर चांदीचा मुलामा असेल तर हाच आकडा अकराच्या वर जातो. जर्मन सिल्व्हरचं असेल तर आणखी थोडा वर. (जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, जस्त आणि निकेल असतं. नावात चांदी असली तरी धातूत नसते, आणि या नावावर फसलेली घरं मी पाहिली आहेत.) पाच-दहा ग्रॅमच्या नाण्याला ही परीक्षा नीट लागू पडत नाही, कारण फरक काट्याला पकडता येत नाही. तिथे सराफाकडून टंच (शुद्धतेची तपासणी) काढून घेणंच बरं.

काळं पडतं म्हणजे नेमकं काय होतं? लोखंडासारखा गंज चढतो का?

गंज नव्हे. घरातल्या तापमानाला नुसत्या प्राणवायूनं चांदीला काही होत नाही. तिचं वैर गंधकाशी. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइड या गंधकाच्या वायूचा अगदी नगण्य अंशही पुरतो. त्याला हवेतला दमटपणा मिळाला की चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. काळं दिसतं ते हेच. लोखंडाचा गंज पापुद्रे सोडत आत शिरत जातो, हा थर मात्र वरच घट्ट बसून राहतो.

मग आमच्याच घरात इतक्या लवकर का? शेजाऱ्यांची नाणी दहा वर्षांत जशीच्या तशी आहेत.

गंधक कुठून येतो ते शोधा. खाडीकाठची किंवा उघड्या नाल्याजवळची घरं यात पहिली. कुजक्या अंड्यासारखा तो वास म्हणजेच हायड्रोजन सल्फाइड. स्वयंपाकघरात अंडी, कांदा, लसूण आहेच. गॅस गळला तर कळावा म्हणून सिलिंडरच्या वायूत जे वासाचं द्रव्य घालतात, तेही गंधकाचंच संयुग असतं. नाण्यांचा डबा स्वयंपाकघराच्या फडताळात असेल तर आधी तो तिथून हलवा.

पण बहुतेक वेळा चोर डब्यातच सापडतो. रबरबँडमध्ये गंधक असतो. वर्तमानपत्राचा कागद, लोकरी कापड आणि भेटीच्या नाण्यासोबत येणारी लाल मखमलीची पेटी (तिचा रंग आणि तिच्यात वापरलेला गोंद) ही सगळी चांदीला बाधतात. एका काकूंनी वीस नाणी एकावर एक रचून रबरबँडनं बांधून ठेवली होती. सगळ्यांच्या कडेवर एकाच जागी काळी रेघ उमटली होती, रबर जिथून गेलं होतं अगदी तिथूनच.

आणि दिवाळी. फटाक्यांच्या दारूत गंधक असतो. लक्ष्मीपूजनाला नाणी चौरंगावर उघडी मांडलेली, बाहेर फटाके, खिडक्या सताड उघड्या, आणि दुसऱ्या दिवशी तीच नाणी न पुसता तशीच डबीत जातात. पुढच्या वर्षी डबी उघडल्यावर जे दिसतं त्याची सुरुवात त्या संध्याकाळी झालेली असते.

नाण्यावर सोनेरी, जांभळा, निळा असे रंग आलेत. कुणी रसायन लावलं असेल का?

बहुधा नाही. साबणाच्या फुग्यावर रंग का दिसतात? पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंनी परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो म्हणून. सिल्व्हर सल्फाइडचा थर अगदी पातळ असताना तेच घडतं. आधी मधासारखा फिकट सोनेरी रंग येतो, मग तांबूस, जांभळा, निळा, आणि थर जाड झाला की काळा. कडेपासून मध्याकडे हे रंग क्रमानं एकमेकांत विरघळत गेलेले दिसले तर ते वर्षानुवर्षं सावकाश चढलेले असतात. जुन्या नाण्यांचे संग्राहक अशा नाण्याला जास्त पैसे मोजतात, आणि म्हणूनच गंधकाची धुरी देऊन मुद्दाम रंग चढवणारेही आहेत. त्यांचे रंग भडक असतात आणि नाण्याच्या उठावांकडे न बघता पसरलेले असतात.

असं सावकाश रंगलेलं नाणं तुमच्याकडे असेल तर मनापासून सांगतो, त्याला काहीही लावू नका. खिडकीशी नेऊन जरा तिरकं धरून बघा. तो रंग एकदा गेला की पुन्हा आणता येत नाही.

परदेशातून आणलेल्या नव्या नाण्यांवर पांढरे ठिपके आलेत, दुधाचे थेंब वाळल्यासारखे. हे काय?

इंग्रजीतही यांना दुधावरूनच नाव पडलंय. मराठीत दुधी डाग म्हणू. कॅनडाचं मेपल लीफ, अमेरिकेचं सिल्व्हर ईगल, ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक अशा एक ट्रॉय औंसाच्या (३१.१०३ ग्रॅम) गुंतवणुकीच्या नाण्यांवर ते सर्रास दिसतात. टोरांटोच्या किंवा न्यू जर्सीच्या नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेलं नाणं वर्षभरानं उघडून बघितलं की लोक धसकतात. कुणाचा तरी हात लागला, पाणी पडलं, असं घरात एकमेकांवर ढकललं जातं. दोष घरातल्या कुणाचाच नसतो.

सर्वांत मान्य असलेला खुलासा टांकसाळीतला आहे. नाण्यावर ठसा उमटवायच्या आधी चांदीच्या चकत्या धुतात आणि मऊ करण्यासाठी भट्टीत तापवतात. धुतानाच्या द्रवाचा अंश चकतीवर राहिला तर तापताना तो पृष्ठभागातच पक्का होतो. त्या वेळी डोळ्याला काही दिसत नाही. ठसा उमटतो, नाणं डबीत बंद होतं, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ठिपका वर येतो. ग्रेडिंग करून (तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून) सीलबंद केलेल्या नाण्यावरही तो नंतर उमटतो, तो याचमुळे.

मेपल लीफ १९८८ पासून ९९९.९ शुद्धतेचं आहे, आणि या डागांच्या तक्रारीही त्याच्याच वाट्याला जास्त आल्या. २०१८ मध्ये रॉयल कॅनेडियन मिंट या कॅनडाच्या टांकसाळीनं डाग कमी करण्यासाठी मिंटशील्ड नावाची पृष्ठभागावरची प्रक्रिया या नाण्यांवर सुरू केली. तेव्हा गुंतवणुकीसाठी मेपल घेणार असाल आणि निवड करता येत असेल, तर २०१८ नंतरचं वर्ष बघा.

दुधी डाग कसे काढायचे?

काढू नका. ते वर बसलेले नाहीत, त्यामुळे साबणानं, सोड्यानं, अ‍ॅसिटोननं जात नाहीत. खोडरबरानं ठिपका पुसट होतो हे खरं, पण ती जागा ओरखड्यांनी मंद होऊन बसते आणि डागापेक्षा जास्त डोळ्यात भरते.

मात्र आधी तो दुधी डागच आहे याची खात्री करा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. पूजेनंतर नाणं नळाखाली धरून तसंच वाळवलं की क्षाराचे पांढरे डाग राहतात. भिंग लावून बघा. क्षार पृष्ठभागाच्या वर उभा असतो आणि त्याला पापडासारखी कडा असते, दुधी डाग सपाट असतो आणि त्याची कडा विरलेली असते. ९९९ चांदीवरचा क्षार निम्मं डिस्टिल्ड पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरच्या थेंबानं मिनिटभरात सुटतो. मग भरपूर डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचं आणि मऊ सुती कापडानं टिपायचं. टिपायचं म्हणजे वरून दाबून उचलायचं, कापड फिरवायचं नाही. जुन्या चांदीच्या रुपयांवर व्हिनेगर वापरू नका, त्यांत तांबं असतं.

अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्यांवर चिकट, हिरवट थर आलाय.

मऊ प्लास्टिकचा अल्बम असणार, नव्या रेनकोटसारखा वास येणारा. ते पीव्हीसी नावाचं प्लास्टिक. त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि नाण्यावर बसतं. त्यात आम्लही तयार होतं. नाण्यात तांबं असेल तर हिरवा रंग येतो, शुद्ध चांदीवर नुसता चिकट, धुरकट पडदा दिसतो.

या एका डागाच्या बाबतीत थांबू नका, कारण तो धातू खात राहतो. रसायनांच्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन आणा. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात रंग आणि तेलं असतात. काचेच्या वाटीत नाणं बुडवा, दोन-चार मिनिटांनी बाहेर काढा, नव्या अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा एकदा बुडवा आणि आपोआप वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा. अ‍ॅसिटोन भडकन पेट घेतं, त्यामुळे देवघरातली समई आणि स्वयंपाकघरातला गॅस दोन्ही लांब हवेत. अ‍ॅसिटोन चांदीला काही करत नाही. पण थराखाली धातू आधीच खाल्ला गेला असेल तर ती खाच राहतेच.

कुंकू आणि पंचामृताचे डाग?

कुंकू अक्षरांच्या खाचांत आणि लक्ष्मीच्या पदराच्या चुण्यांत अडकतं. तुपाचा ओशटपणा त्याला तिथे धरून ठेवतो आणि त्यावर उदबत्तीची काजळी बसते. सोनार मंडळी पूर्वीपासून वापरतात तो रिठा इथे उत्तम. दोन रिठे कोमट पाण्यात भिजवा, फेस आला की पाणी गाळून घ्या, नाणं दहा मिनिटं त्यात ठेवा आणि कापसाच्या बोळ्यानं हलकेच बोटाच्या वजनानं टिपा. खाचेतलं कुंकू निघालं नाही तर लाकडी दातकोरणीचं टोक पाण्यात मऊ करून वापरा. सुई, टाचणी नको.

माझं मत विचाराल तर पूजेसाठी एकच नाणं वेगळं काढा. त्याला पंचामृत घाला, हळदीकुंकू वाहा, ते काळवंडलं तर काळवंडू दे. देवापुढच्या नाण्याला ते शोभतं. बाकीची पारदर्शक डबीतच ठेवून चौरंगावर मांडा आणि अक्षता-फूल डबीवर वाहा.

अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याचा सोडा वापरला तर?

ही युक्ती खरी आहे आणि तिच्यामागचं शास्त्रही सुंदर आहे. भांड्यात फॉइल अंथरायची, त्यावर चांदी टेकवायची, गरम पाणी आणि सोडा घालायचा. अ‍ॅल्युमिनियम गंधकाला चांदीपासून ओढून घेतं आणि काळ्या थरातली चांदी परत चांदी होते. तेव्हा कुजक्या अंड्याचा जो वास येतो तो सुटलेल्या गंधकाचा. पळी-पंचपात्र, निरांजन, वाटी-चमचा यांना खुशाल वापरा.

नाण्याला मात्र नको. परत आलेली चांदी मूळच्यासारखी घट्ट आणि चकचकीत बसत नाही, ती मंद, खडूसारखी दिसते. पॉलिश केलेल्या नाण्याचा आरसा जातो, आणि रंगलेल्या नाण्याचा रंगही.

दंतमंजन, रांगोळी, राख, चिंच? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या यांनीच घासतात.

उपकरणी घासायला ठीक. नाण्यांना नाही, आणि याचं कारण माझ्याच घरात आहे.

आजीच्या माहेरून आलेले सात राणी छाप (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले) रुपये आमच्याकडे होते. एका दिवाळीला आत्यानं त्यातले सहा दंतमंजन आणि ब्रशनं घासले. तिनं ते जिव्हाळ्यानंच केलं, लक्ष्मीपुढे मळके रुपये कसे ठेवायचे म्हणून. सातवा वेगळ्या डबीत होता, तो राहून गेला. आज सातही शेजारी ठेवले की बघणाऱ्याला काही सांगावं लागत नाही. सातव्यावर राणीच्या केसांची बट न बट मोजता येते, वस्त्रावरची नक्षी दिसते, खोलगट भागात निळसर करडी सावली आहे आणि उठाव त्यातून वर आलेले आहेत. बाकीचे सहा पांढरे आहेत. प्रकाशात फिरवले की ब्रश जसा फिरला तसे गोल गोल बारीक ओरखडे चमकतात, गालाची गोलाई गेली आहे, सगळा चेहरा सपाट दिसतो. चांदी मऊ असते. मंजनाचा कण तिला कानशीसारखा लागतो.

चिंचेचा आणि लिंबाचा प्रकार वेगळा. त्यांचं आम्ल जुन्या रुपयातल्या तांब्याला लागतं आणि नाणं एकदम उघडंबोडकं, गुलाबी-पांढरट दिसायला लागतं. मीठ तर कधीच घालू नका.

बाजारात चांदी बुडवून उजळायचं द्रावण मिळतं. आणि सराफ पाच मिनिटांत उजळून देतो.

द्रावणात बहुधा आम्ल आणि थायोयुरिया नावाचं रसायन असतं. ते काळा थर विरघळवतं, आणि थरातली चांदी थराबरोबर जाते. एकदा बुडवल्यानं वजनात फरक कळणार नाही, पण नव्या नाण्यावर प्रकाश फिरवला की जी चक्राकार झळाळी दिसते ती दोन-तीनदा बुडवल्यावर मरते. सराफाकडच्या पॉलिशमध्ये त्याशिवाय ब्रशही फिरतो. पैंजणांना ते योग्य, नाण्याला नाही.

जुने कलदार (ब्रिटिश काळातले) रुपये आणि आजचं नाणं, दोन्हींना एकच नियम का नाही?

धातू वेगळा म्हणून. १९४० च्या आधीच्या राणी छाप आणि राजा छाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के, बाकी बहुतेक तांबं. १९४० ते १९४५ च्या राजा छाप रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे, उरलेल्यात तांबं, निकेल आणि जस्त. म्हणून त्या सालांचे रुपये पिवळट, कळकट होतात आणि दमट घरात त्यांच्यावर हिरवे ठिपके येतात. १९४७ चा रुपया तर निकेलचा. तो चांदीचा समजून जपणारी घरं आहेत, त्यांना हे सांगताना मलाच वाईट वाटतं.

जाता जाता एक गोष्ट. १०० वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलीला राणी छाप रुपये द्यायचे मनात असेल तर हे आधी लक्षात घ्या.

काळं पडल्यानं वजन घटतं का?

एक औंसाच्या नाण्यावर एक दशांश मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर धरून मी हिशोब केला. दोन्ही बाजू मिळून साधारण २५ चौरस सेंटिमीटर, आणि त्या थरात अडकलेली चांदी जेमतेम दीड मिलिग्रॅम भरते. नाण्यात आहेत ३१,१०३ मिलिग्रॅम. ती दीड मिलिग्रॅमही नाण्यावरच आहे. घासून टाकलीत तरच ती जाते.

विकताना डागामुळे कमी पैसे मिळतील का?

सराफ मोडीत घेतो तेव्हा वजन आणि टंच बघतो. ते आटणीला जाणार असतं, डागाशी त्याला देणंघेणं नसतं. "काळं आहे, म्हणून एवढी घट" असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या दुकानात विचारा. बऱ्याचदा लोकांना तोटा दिसतो तो खरेदीच्या वेळचा असतो. घेताना घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी दिलेला असतो, विकताना फक्त चांदीचा भाव मिळतो. त्याचा राग डागावर निघतो.

संग्राहकाला विकायचं असेल तर हिशोब उलटा. तिथे दुधी डागांमुळे किंमत कमी होते, घासलेल्या नाण्याची त्याहून जास्त कमी होते, आणि सुंदर रंगलेल्याची वाढते.

सीलबंद कार्डातल्या नाण्यावर डाग आलाय. फोडून पुसू का?

फोडू नका. बरेच विक्रेते मूळ पाकीट शाबूत असेल तरच नाणं परत घेतात. डाग पडायला आत अडकलेली हवा, कार्डाचा कागद आणि गोंद पुरेसे असतात, बाहेरून काही शिरायची गरज नसते. बिल आणि डाग दिसेल असा फोटो काढून ठेवा. घेतल्यावर लगेच लक्षात आलं तर दुकानात दाखवा.

मग ठेवायचं कसं?

नाणं नेहमी कडेनं धरा. बोटाचा घाम त्या क्षणी दिसत नाही, सहा महिन्यांनी अंगठ्याचा ठसा काळ्या रेघांत उमटतो. उघड्या नाण्यावर वाकून बोलू नका, थुंकीचा तुषार पडला की टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके येतात. प्रत्येक नाण्याला मापाची कडक, पारदर्शक डबी घ्या. त्या सगळ्या डब्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका. चांदीसोबत खडूचा तुकडा ठेवायची जुनी पद्धत दमटपणा थोडा ओढून घेते, पण तिची पूड उडते, म्हणून नाण्यांसाठी जेल बरं. पुडी दर पावसाळ्यानंतर बदला. मुंबई-कोकणात पावसाळ्याच्या मध्येही एकदा बदला.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर मखमलीची पेटी घरीच राहू द्या.

आम्ही आधीच घासून बसलोय. आता काय?

रिठ्याच्या पाण्यानं मंजनाचा अंश धुऊन काढा, डिस्टिल्ड पाण्यातून काढा, टिपून वाळवा आणि डबीत ठेवा. ओरखडे बुजवायला पॉलिश करायला जाऊ नका, त्यात उरलासुरला उठावही जातो. काही वर्षांत त्यावर पुन्हा सावली धरेल. आत्यानं घासलेल्या सहांपैकी दोन रुपयांच्या कडेला आता फिकट सोनेरी रंग धरायला लागलाय.